बाळंतिणीचं ताट आणि लेकराचं दूध

बाळंतपण जवळ आलं की नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या किराणा दुकानात एक ठरलेली यादी येते. डिंक, खारीक, गोडंबी, खसखस, अहळीव, मेथ्या, सुंठ, पिंपळमूळ, बाळंतशेपा, ओवा, सुकं खोबरं, जायफळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून टिकून आहे, त्यामुळे ही यादी बहुतेक वेळा लेकीची आई नाहीतर आजी सांगते, तीही तोंडपाठ. कंधार, देगलूर, जळकोट, उदगीर, कुठंही गेलात तरी दोन-चार जिन्नसांचाच फरक. ऐपत बेताची असली तरी या सामानाला हात आखडता घेत नाहीत.

या यादीच्या सोबतीनं घरात दुसरी एक यादी असते, काय खायचं नाही याची. ती कुणी लिहीत नाही, पण पहिलीपेक्षा लांब असते. केळी नको, दही-ताक नको, लिंबू-चिंच नको, पेरू नको, वांगं वातूळ, हरभऱ्याची डाळ जड, पालेभाजीनं लेकराला हिरवी शी होते, गार पाणी नको आणि साधं पाणीसुद्धा बेतानं. तिसरी यादी दवाखान्यातून येते. रजेच्या कागदावर दोन ओळी, ‘सकस आहार घ्या, सर्व काही खा’. बाजेवर पडलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला या तिन्ही याद्या एकदम लागू होतात. तिनं कोणती पाळायची हे ती स्वतः ठरवत नाही. ताट वाढणारी बाई ठरवते.

तिन्ही सल्ले शेजारी ठेवून पाहिले तर सगळ्यांचं लक्ष दुधावर लागलेलं दिसतं. दूध बनवणाऱ्या बाईकडे फार थोडं लक्ष आहे. आणि दूध नेमकं कशानं येतं, हे तर तिला क्वचितच कुणी नीट समजावून सांगतं. लेकराच्या ओढण्यानं दूध येतं आणि आईनं खाल्लेलं आईला लागतं. या एका गोष्टीवर आजवरचा अभ्यास आणि आपल्या चालीरीती दोन्ही तपासून पाहायला हव्यात, कारण ती पटली तर पथ्यांचा बराचसा डोलारा आपोआप उतरतो.

आधी दूध. लेकरू अंगावर ओढू लागलं की आईच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकं रक्तात येतात. प्रोलॅक्टिननं दूध तयार होतं, ऑक्सिटोसिननं ते पुढं सरकतं. याच दुसऱ्या क्रियेला आपल्या बायका पान्हा फुटणं म्हणतात. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळलं की काही दिवसांत दूध कमी होऊ लागतं. स्तन जितका रिकामा होईल तितका भरतो; दूध साचून राहिलं तर शरीर स्वतःच निर्मिती आवरतं. भीती, दुखणं, घालूनपाडून बोलणं यांनी पान्हा अडतो, दूध आत असूनही. पहिले सहा महिने निरोगी आई दिवसाला सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध देते. त्या हिशेबात डिंकाचा लाडू थेट कुठंच येत नाही.

अर्धपोटी आईचं काय, हा प्रश्न मराठवाड्यात विचारलाच पाहिजे. भारतीय पोषणशास्त्राचे एक प्रमुख संशोधक डॉ. सी. गोपालन यांनी १९५८ मध्ये गरीब भारतीय मातांच्या दुधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की ताटात फारसं काही नसतानाही या बायका महिनोन्महिने लेकराला पुरेसं दूध पाजत होत्या. पुढं आफ्रिकेतल्या गांबिया देशात, केनेबा नावाच्या खेड्यात, अँड्र्यू प्रेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनदा मातांना जादा अन्न देऊन दूध मोजलं. दुधाचं प्रमाण वाढलं नाही. या दोन अभ्यासांचा अर्थ काही जण ‘मग बाळंतिणीला काही खाऊ घातलं नाही तरी चालतं’ असा काढतील. माझ्या मते त्यांचा अर्थ याच्या अगदी उलट आणि जास्त गंभीर आहे. दूध तर येतंच, पण त्याची किंमत आईच्या शरीरातून वसूल होते. कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. बाळंतपणातल्या रक्तस्रावानं आधीच खाली गेलेलं रक्त भरून येत नाही. वर्षभरात पुन्हा दिवस गेले तर पुढचं लेकरू त्या रिकाम्या कोठारावर वाढतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे आपण पुढं गेलो नाही, मागं आलो आहोत. मुखेडसारख्या तालुक्यात, जिथं जमीन बालाघाटाच्या उताराची, पावसाच्या भरवशाची आणि हाताला काम नसलं की गाव सोडायची पाळी, तिथं बाळंतीण भरल्या अंगानं बाळंतपणाला येते असं गृहीत धरता येत नाही.

शिवाय दुधाचं प्रमाण टिकलं तरी त्यातले काही घटक आईच्या खाण्यावर थेट अवलंबून असतात. अ जीवनसत्त्व, ब-१, ब-१२, आयोडीन, स्निग्ध पदार्थांचा प्रकार. यातलं ब-१२ आपल्याकडे खास महत्त्वाचं आहे. ते वनस्पतीत जवळपास नसतं. मांस, अंडी, मासे, दूध, दही, ताक यांतून मिळतं. आता एक माळकरी घर डोळ्यांपुढं आणा. अंडी-मटण मुळातच वर्ज्य. बाळंतिणीला दही-ताक बंद. दूध मिळालं तर चहात घालण्यापुरतं. ब-१२ चे सगळे दरवाजे एकाच वेळी बंद झाले. अशा आईचं दूध पिणारं लेकरू वरून गुटगुटीत दिसतं, पण सहा महिन्यांनंतर सुस्त होऊ लागतं, मान धरायला-बसायला शिकलेलं विसरतं, त्वचा काळवंडते, हातपाय थरथरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा आजार कित्येक दशकं माहीत आहे. वेळीच ब-१२ दिलं तर लेकरू सावरतं, उशीर झाला तर मेंदूवर खूण राहते. वाटीभर ताकाची बंदी किती महाग पडू शकते याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पथ्यांची बाकीची यादीही अशीच तपासता येते. केळ्यानं लेकराला सर्दी होते, ही समजूत नांदेड जिल्ह्यातच घट्ट असावी याचं वाईट वाटतं, कारण अर्धापूर-मुदखेड हा आपल्या जिल्ह्यातला पट्टा केळीसाठीच ओळखला जातो. आईनं खाल्लेलं पोटात पचतं, त्याचे घटक रक्तात उतरतात आणि रक्तातून दूध बनतं. केळ्याचा गारवा त्या वाटेनं लेकरापर्यंत पोहोचत नाही. सर्दी होते ती घरातल्या कुणाच्या तरी शिंकण्या-खोकण्यातून. लसणाचा वास मात्र दुधात उतरतो, हे खरं आहे. लेकरं ते दूध खुशाल पितात. लिंबू, पेरू, आवळा बंद केला तर भाकरी-डाळीतलं लोह अंगी लागणं कमी होतं, कारण क जीवनसत्त्व सोबत असलं की ते लोह जास्त शोषलं जातं. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते शोषण रोखतो, आणि चहावर मात्र कुठल्याच घरात पथ्य नाही. पाण्याची बंदी सर्वांत क्रूर. पोट सुटतं, दूध पातळ होतं, ही कारणं सांगितली जातात. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, लेकराला पाजणाऱ्या बाईला तहान मारायला लावण्याला कोणताही आधार नाही. तिनं तहान लागेल तितकं प्यावं, पाजायला बसताना हाताशी तांब्या ठेवावा. तहानेपलीकडे बळंच पाणी प्यायल्यानं दूध वाढतं असंही नाही.

एखाद्या लेकराला आईच्या खाण्यातलं काही खरोखर बाधतं, गाईच्या दुधातल्या प्रथिनाची तक्रार हे त्यातलं एक. शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, वजन न वाढणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांनी सांगितलेला एखादा पदार्थ काही काळ थांबवावा. त्यासाठी सगळ्या बायकांचं ताट रिकामं करायची गरज नाही.

इतकं लिहून झाल्यावर जुन्या रीतींची बाजूही तेवढ्याच मोकळेपणानं मांडली पाहिजे. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्या परंपरेनं बाळंतिणीला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे. कुठल्याही योजनेनं तिला इतकं काही दिलेलं नाही. गरम ताजं जेवण, तूप घातलेली ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेपू-मेथीची भाजी, लसणाची चटणी, कण्या, तीळ, जवस, कारळ हा सगळा आहार पोषणाच्या कसोटीवर चांगला उतरतो. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचारांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथं देश व कुळाप्रमाणे उपचार बदलतात हे मान्य केलेलं आहे. म्हणजे जुनं शास्त्रही एकच पथ्य सर्वांवर लादत नव्हतं. बंद खोलीत शेगडी पेटवून दिलेला शेक मात्र सोडला पाहिजे. धुरात लेकराचा श्वास कोंडतो, आणि कोंदट खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू आई-लेकरू दोघांच्या जिवावर उठू शकतो. मालिश-शेक हवाच असेल तर खिडकी उघडी ठेवून, गरम पाण्याच्या पिशवीनं.

लाडवांबद्दल माझं मत सरळ आहे. खावेत, आवडीनं खावेत. डिंक, तूप, गूळ, खोबऱ्यातून उष्मांक मिळतात, अहळिवातून लोह, आणि आयता लाडू हातात आला की बाळंतीण दोन जेवणांच्या मध्ये उपाशी राहत नाही. पण त्यांनी दूध वाढतं हा दावा तपासून पाहिला तर फारसा टिकत नाही. मेथी, शतावरी आणि अशाच दूधवर्धक म्हणून दिल्या जाणाऱ्या पदार्थांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका भक्कम पुरावा मिळाला नाही. ज्या घराला गोडंबी-खसखस परवडत नाही त्या घरातल्या बाळंतिणीनं मनात खंत धरू नये. शेंगदाणे, तीळ आणि गुळाचा लाडू तिच्या अंगाला तितकाच लागतो. आणि काही घरांत मुलगी झाली की लाडवांचा डबा लहान होतो, हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुलीला पाजणाऱ्या आईला भूक कमी लागत नाही.

मग ताटात किती हवं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा दिवसाला ६०० उष्मांक आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. पुढच्या सहा महिन्यांत ५२० उष्मांक आणि १३ ग्रॅम. हा आकडा आपल्या चुलीवर आणून पाहू. ज्वारीची एक मध्यम भाकरी जास्त, एक वाटी घट्ट वरण जास्त, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध. एवढ्यात उष्मांकांची भर जवळपास पुरी होते आणि प्रथिनं तर शिफारशीपेक्षा थोडी जास्तच मिळतात. म्हणजे अवघड काहीच नाही. घट्ट वरण हा शब्द मात्र जपून वापरला आहे. लातूर ही तुरीची आणि डाळीची मोठी बाजारपेठ; मुखेड, अहमदपूर, उदगीर भागातली तूर तिथं जाते आणि ती पिकवणाऱ्या घरातलं वरण बऱ्याचदा पातळच राहतं.

ताट बदलण्यामागं शेतही आहे. गेल्या काही दशकांत या भागातली ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरलं. सोयाबीन रोख पैसा देतं, त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही. पण ज्वारीबरोबर कडबा कमी झाला, कडब्याअभावी दावणीची म्हैस विकली गेली आणि घरचं दूध-ताक-तूप विकत घेण्याची वस्तू बनलं. अंबाडी, चिघळ, तांदुळजा या बांधावरच्या, पिकात उगवणाऱ्या भाज्या तणनाशकानं मारल्या. रेशनच्या गव्हा-तांदळानं पोट भरतं, उणीव राहते ती डाळ, भाजी आणि दुधाची. म्हणून ‘सकस आहार घ्या’ असं बाळंतिणीला सांगताना तिच्या घरात सकस काय शिल्लक आहे हे आधी पाहावं लागतं. परसात शेवग्याचं एक झाड, सांडपाण्यावर चार वाफे पालक-मेथी, दोन-चार कोंबड्या, असे साधे उपाय या बाबतीत कामाचे आहेत, आणि ते गरोदरपणातच सुरू व्हायला हवेत.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांचाही हिशेब घरात सांगायला हवा, कारण बाळंतपण झालं की बहुतेकजणी त्या सोडून देतात. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी आणि सहा महिने दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या अशी पद्धत आहे. दोन्ही एकाच वेळी घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह त्यापासून दोनेक तास दूर, असं ठरवलं की काम भागतं. लोहानं शी काळी होते, त्याला घाबरू नये. मिश्री आणि तंबाखूबद्दल मात्र सवलत नाही. हिरड्यांना लावलेल्या मिश्रीतलं निकोटिन रक्तातून दुधात उतरतं. ती सोडावी. सुटत नसेल तरी पाजणं थांबवू नये आणि कमी करण्यासाठी मदत मागावी.

आता पहिल्या तासाकडे वळू. जन्मल्यापासून एका तासाच्या आत लेकराला अंगावर घ्यावं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नये, आणि पूरक आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून पुढं पाजत राहावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. तरीही एका तासाच्या आत अंगावर घेतलेली लेकरं त्याच सर्वेक्षणात ५३.२ टक्केच आढळली, आणि आधीच्या फेरीत ती ५७.५ टक्के होती. घरातल्या बाजेवरून बाळंतपण दवाखान्यात गेलं आणि पहिला तास निसटला. याला घरची सासू जबाबदार नाही. सिझेरियनचं प्रमाण राज्यात २५ टक्क्यांवर गेलं आहे, आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि लेकरू नातेवाइकांच्या हातात, अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी आहे. कमरेत भूल दिलेली आई जागी असते. तिच्या छातीवर लेकरू ठेवता येतं. त्यासाठी लागते ती एका नर्सची पंधरा-वीस मिनिटं.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक पिवळा, घट्ट आणि थोडासाच असतो. थोडा असतो म्हणून घरचे घाबरतात आणि गुळाचं पाणी, मध, शेळीचं दूध पुढं येतं. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं आणि चीक तेवढाच येतो. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात खच्चून भरलेली असतात. मधातून एका घातक जिवाणूचे बीजाणू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध कधीच नको. आणि गुटी. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून चाटवणं हे आजीच्या मायेचं काम, ते थांबवा म्हणताना जीभ अडखळते. पण सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू पोटात जातात, जायफळानं लेकरू गुंगतं आणि गुंगलेलं लेकरू ओढत नाही. ते ओढत नाही म्हणून दूध आटतं. मग ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचं दूध सुरू होतं. ही साखळी मी वर सांगितलेल्या मूळ गोष्टीकडेच येते: लेकराच्या ओढण्यानं दूध येतं.

‘दूध पुरत नाही’ या एका वाक्यानं आपल्याकडे जितकी लेकरं वरच्या दुधावर गेली तितकी कुठल्या आजारानं गेली नसतील. लेकरू रडलं की आईचं दूध कमी, हा निकाल लगेच लागतो. खरी मोजमापं वेगळी आहेत. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होणं, शीचा काळा-हिरवा रंग जाऊन पिवळा येणं, सुरुवातीला उतरलेलं वजन दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येणं आणि पुढं दिवसाला २० ते ३० ग्रॅमची वाढ. ही जमत असतील तर रडण्याची कारणं दुसरीकडे शोधावीत. जमत नसतील तर पहिला प्रश्न आईच्या जेवणाचा काढू नये. लेकरू पकडतंय कसं ते आधी पाहावं.

ही पकड म्हणजे सगळ्या सल्ल्यांतला हरवलेला भाग. लेकराचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, डोकं-मान-पाठ एका रेषेत, अंग पूर्ण आधारलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला कळ येते, चिरा पडतात आणि लेकराला पुरेसं दूध मिळत नाही. पाजणं दुखतं हे खपवून घ्यायचं नाही. दुखलं तर बोट घालून हळूच सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावर दुसरी, कारण शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. आयआयटी मुंबईशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी नेमक्या याच कौशल्याच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. हे शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. शेजारी बसून, हात लावून दाखवणारी बाई लागते.

अशी बाई गावात आहे, ती म्हणजे आशाताई. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला आणि पुढं देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. या भेटीत वजन होतं, ताप मोजला जातो, रकाने भरले जातात. प्रत्येक भेटीत एक पाजणं पूर्ण पाहिलं गेलं, तर डब्याच्या दुधाची निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील असं मला ठामपणे वाटतं.

डब्याच्या दुधासाठी आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या कुठल्याही दूध किंवा आहाराची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यांना भेटी, सगळ्याला बंदी आहे. स्तनपानाच्या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे: स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संघटना १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली, आणि आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर राहणाऱ्या लेकरांचं प्रमाण राज्यात ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेलं, ही खरीखुरी कमाई आहे. ज्या थोड्या आयांना वैद्यकीय कारणानं खरंच दूध येत नाही, त्यांना दोष न देता मदत करणंही याच कामात मोडतं. तसंच बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे उदास राहणारी, लेकराकडे न बघणारी बाई ‘नाटकं करते’ असं म्हणू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावं. ताप आला, स्तनात गाठ होऊन लाल झाली, तरी पाजणं सुरू ठेवायचं आणि उपचार घ्यायचा.

शेवटी कामाचा प्रश्न, आणि मुखेडात तो सर्वांत अवघड आहे. २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. सोयाबीन खुरपणाऱ्या बाईला मिळत नाही. मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये येतात. तेवढ्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळतं. नांदेड जिल्ह्यात ते किनवटकडे मिळतं, मुखेडला नाही. इथं घरी न्यायची पाकिटं मिळतात आणि ती सगळ्या घरात वाटली जातात. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून, वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, त्यामुळे दोन महिन्यांची बाळंतीणही फडात उतरते. तिचं अंगणवाडीतलं नाव इकडे आणि लेकरू तिकडे. अमृत आहाराचं जेवण मुखेड, कंधार, जळकोटसारख्या स्थलांतराच्या तालुक्यांनाही लागू करावं, आणि कारखान्याच्या तळावर मुलं सांभाळणारी एक बाई पगारावर ठेवणं कारखान्यांना बंधनकारक करावं. रोजगार हमीच्या कामावर पाळण्याची सोय असावी ही तरतूद जुनी आहे. ऊसफडाला तीच लावायची.

तोवर कामाला जाणाऱ्या आईला करता येण्याजोगं एवढं आहे. निघण्याआधी पोटभर पाजावं, परत आल्यावर लगेच पाजावं, रात्री जवळ घेऊन मागेल तेव्हा पाजावं, म्हणजे दूध टिकतं. जाण्यापूर्वी हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात हातानं दूध काढावं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेवर ठेवून छातीकडे दाबावं, मग एकमेकांकडे. झाकून सावलीत, ओल्या फडक्यात ठेवलेलं दूध साधारण चार तास चांगलं राहतं. उन्हाळ्यात ते त्याआधीच पाजून टाकावं. आजीनं ते तापवू नये, वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नको, कारण ती नीट धुतली जात नाही आणि रबराच्या बोंडाची सवय लागलेलं लेकरू आईला धरत नाही. फडात दिवसभर छाती भरून दुखू लागली तर दूध काढून टाकावं, साचू देऊ नये. आणि बांधावर जेवायला बसताना तिच्या फडक्यात भाकरी-चटणीसोबत शेंगदाणे आणि डाळ बांधून द्यावी, तांब्या तिच्याजवळ ठेवावा. हे काम नवऱ्यानं करावं.